हवामान जोखीम आणि तग धरण्याची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणीपुरवठा, वीज, रस्ते, रुग्णालयं सांभाळणारी मंडळी आणि वस्त्यांमध्ये काम करणारे कार्यकर्ते हेच प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो.

पूर, वादळं, दुष्काळ आधीही होतेच. मग 'हवामान जोखीम' म्हणून वेगळं काय मोजायचं?

संकट नवं नाही, त्याचं प्रमाण बदललं आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा जास्त कोसळू शकतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या शास्त्रीय समितीच्या सहाव्या अहवालानुसार, औद्योगिकीकरणापूर्वी दहा वर्षांतून एकदा येणारी तीव्र उष्णता एक अंश वाढीच्या जगात २.८ पट वेळा येते आणि दोन अंश वाढीच्या जगात ५.६ पट वेळा येईल. तशाच अतिवृष्टीसाठी हे आकडे १.३ आणि १.७ पट आहेत. नाले, पूल, रूळ, ट्रान्सफॉर्मर यांचे हिशोब मात्र जुन्या नोंदींवर बेतलेले असतात. नोंदवही खोटी नसते, पण ती ज्या हवामानाची आहे ते हवामान आता मागे पडलं आहे.

जोखीम मोजताना तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : संकट काय आहे, त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे, आणि जे वाटेत आहे ते किती नाजूक आहे. ओसाड माळावर आलेलं वादळ हे संकट असतं, पण जोखीम जवळपास शून्य. तेच वादळ पत्र्याच्या घरांच्या वस्तीवरून गेलं की हिशोब पार बदलतो. बहुतेक अहवाल पहिल्या गोष्टीवर ऐंशी पानं खर्च करतात आणि तिसरी दोन परिच्छेदांत उरकतात. माझ्या मते नेमकं उलटं हवं, कारण संकट आपल्या हातात नसतं, नाजूकपणा बऱ्याच अंशी असतो.

'शंभर वर्षांतून एकदा' येणारा पूर आमच्याकडे नुकताच येऊन गेला. म्हणजे आता शंभर वर्षं निर्धास्त?

नाही. या शब्दप्रयोगाने जितका गोंधळ घातलाय तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दाने घातला असेल. त्याचा अर्थ एवढाच की दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता १ टक्का आहे. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. फासा टाकल्यावर सहा पडले, तरी पुढच्या खेपेला पुन्हा सहा पडू शकतातच की.

आणि १ टक्का ऐकायला लहान वाटतो तेवढा लहान नाही. तीस वर्षं वापरायच्या इमारतीच्या आयुष्यात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते, पन्नास वर्षांच्या पुलासाठी जवळपास ४० टक्के. हाही हिशोब हवामान स्थिर आहे असं धरून केलेला. म्हणून लोकांशी बोलताना 'शंभर वर्षांचा पूर' म्हणू नका. 'तुमच्या कर्जाचे हप्ते फिटेपर्यंत चारात एक शक्यता' असं सांगा, लगेच समजतं.

सुरुवात कुठून करायची? हवामानाची मॉडेल्स मागवायची का?

आधी जागेवर जा. पुढचं हवामान संगणकावर मांडणारी मॉडेल्स नंतर.

एका पंपघराच्या तपासणीला गेलो होतो. हातात आधीच्या सल्लागाराचा अहवाल होता आणि त्यात त्या पंपघरासमोर 'मध्यम जोखीम' असं पिवळ्या रंगात लिहिलेलं. तिथल्या रात्रपाळीच्या ऑपरेटरने मला भिंतीवरची खडूची रेघ दाखवली. मागच्या पुरात पाणी तिथवर आलं होतं, त्यानेच ओढलेली रेघ. विजेच्या पॅनलचा तळ तिच्यापेक्षा चार बोटं वर होता. म्हणजे पुढचा पूर चार बोटं जास्त चढला की पॅनल जाणार, पंप थांबणार आणि पंपांच्या भरवशावर असलेल्या वस्तीचं पाणी बंद. 'मध्यम' या शब्दात यातलं काहीही नव्हतं.

मूल्यांकनाचा पाया असा असावा : कोणती वस्तू कोणत्या पातळीला बंद पडते? पाण्याची किती उंची, किती तापमान, ताशी किती किलोमीटर वारा, किती दिवस पावसाचा खंड? प्रत्येक महत्त्वाच्या यंत्रासमोर एक आकडा लिहा. मग विचारा, ती पातळी आजवर किती वेळा गाठली गेली आणि पुढे किती वेळा गाठली जाईल. या दुसऱ्या प्रश्नापाशी मॉडेल्स कामाला येतात. पद्धतशीर जायचं असेल तर आयएसओ १४०९१ हे २०२१ चं आंतरराष्ट्रीय मानक जोखीम मूल्यांकनाची चौकट देतं. पण मानक हातात घेऊन खुर्चीत बसलात, तर ती खडूची रेघ दिसणार नाही.

नकाशांवर किती विश्वास ठेवावा?

रंगांवर कमी, त्यांच्यामागच्या उंचीच्या आकड्यांवर जास्त लक्ष द्या. पुराचा नकाशा शेवटी जमिनीच्या उंचीवर उभा असतो. जगभर फुकट मिळणारी उंचीची एक लोकप्रिय माहिती फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने घेतलेली आहे. रडारला दाट झाडी असेल तिथे जमिनीऐवजी झाडांचे शेंडे दिसतात आणि दाट वस्तीत घरांची छपरं, म्हणजे जमीन प्रत्यक्षापेक्षा काही मीटर उंच भासते. सपाट किनाऱ्यावर एवढी चूक म्हणजे बुडणारं गाव नकाशावर कोरडं दिसणं. मोठ्या भागाचा अंदाज घ्यायला हे चालतं. विजेच्या एका उपकेंद्राचा निर्णय घ्यायचा असेल, तर सर्वेक्षकाला पाठवून दाराच्या उंबऱ्याची उंची मोजून घ्या. एका दिवसाचं काम आहे.

भविष्यासाठी कोणता अंदाज धरायचा, दोन अंशांचा की चारचा?

एकच धरू नका. जागतिक मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून हिशोब करतं आणि त्यातला एक चौकोन साधारण शंभर किलोमीटर लांब-रुंद असतो. त्यातून तुमच्या गल्लीतला २०६० सालचा पाऊस मिलिमीटरमध्ये सांगणारा माणूस भेटला, तर नमस्कार करून निघा.

त्याऐवजी निर्णयाची चाचणी घ्या. कमी, मध्यम आणि वाईट अशा तीन परिस्थितींत ही रचना टिकते का? तिन्हींत टिकत असेल तर वाद संपला. फक्त वाईट परिस्थितीत कोलमडत असेल, तर ती कोलमडल्यावर काय होईल ते विचारा. वाहनतळ बुडणं आणि रुग्णालय बुडणं यांना एकच मोजपट्टी लावता येत नाही. वापर किती वर्षांचा, तेही पाहा. दहा वर्षांनी बदलायच्या पंपाला शतकाअखेरच्या समुद्रपातळीची चिंता नको. सांडपाण्याची मुख्य वाहिनी मात्र ऐंशी वर्षं जमिनीखाली राहणार.

आमची इमारत सुरक्षित उंचीवर आहे. तरीही जोखीम उरते का?

उरते. इमारतीला काही होत नाही, पण तिला जगवणाऱ्या गोष्टी दुसरीकडून येतात.

२०१२ मध्ये सँडी वादळ न्यूयॉर्कवर आलं, तेव्हा तिथल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर होते. कागदावर ही उत्तम तयारी. पण त्यांना डिझेल पोचवणारे पंप तळघरात होते आणि तळघर बुडालं. मग माणसांची साखळी करून डिझेल हातोहात तेरा मजले वर चढवावं लागलं आणि शेवटी रुग्णांना हलवावंच लागलं. जनरेटर एका विभागाने तपासलेला, इंधनाचा पंप दुसऱ्याने. दोघांमधल्या नळीचा मालक कोणीच नाही.

साखळी याहूनही लांब जाते. २०११ मध्ये थायलंडमधल्या औद्योगिक वसाहती आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहिल्या आणि जगभर हार्ड डिस्कचा तुटवडा पडून भाव चढले. म्हणून मूल्यांकनात एक साधा व्यायाम जरूर करा. वीज, पाणी, फोन, रस्ता आणि कर्मचारी यांतली एकेक गोष्ट ७२ तास बंद आहे असं समजा आणि पुढे काय काय थांबतं ते टेबलाभोवती बसून लिहा. कर्मचारी ही बाब नेहमी विसरली जाते. पुराच्या रात्री पाळीवर यायचा माणूस स्वतःच्या घरातलं पाणी उपसत असतो.

'रेझिलिअन्स'ला मराठीत काय म्हणायचं?

सरकारी कागदांत 'लवचिकता' हा शब्द दिसतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मला 'तग धरणं आणि सावरणं' ही जोडी जवळची वाटते. तडाखा सोसायचा, निदान महत्त्वाचं तेवढं चालू ठेवायचं, जे पडलं ते लवकर उभं करायचं, आणि उभं करताना आधीच्याच चुकीवर पुन्हा चुना फासायचा नाही.

मजबूत भिंत किंवा तटबंध बांधला की काम झालं, नाही का?

कधीकधी भिंत लागतेच. १९५३ च्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली, त्यानंतर त्या देशाने समुद्राला अडवणाऱ्या अवाढव्य रचना उभारल्या. त्या नसत्या तर आजचं तिथलं जीवन अशक्य होतं. पण भिंतीचा एक दुर्गुण आहे. ती उभी राहिली की तिच्या आडोशाला घरं, दुकानं, कारखाने वाढत जातात, 'आता काय भीती' म्हणून. पाणी रोजचं येणं थांबतं आणि लोकांची सवय मोडते. ज्या दिवशी भिंतीवरून पाणी येतं, त्या दिवशी आधीपेक्षा कितीतरी जास्त नुकसान होतं.

त्याच डच लोकांनी पुढे नद्यांच्या बाबतीत धोरण फिरवलं. नायमेखन शहरासमोर वाल नदीचा तटबंध उंच करण्याऐवजी त्यांनी तो ३५० मीटर मागे सरकवला आणि नदीला शेजारी दुसरा प्रवाह खोदून दिला. नदीला पसरायला जागा मिळाली, उरलेल्या दिवसांत लोकांना फिरायला काठ मिळाला. त्यासाठी घरं हलवावी लागली, ही कडू बाजूही सांगायला हवी.

कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि शहर तुंबलं. पुढच्या वर्षी त्यांनी ढगफुटीसाठी खास आराखडा केला. नुसत्या मोठ्या गटारांचा खर्च परवडत नव्हता. म्हणून काही चौक आणि बागा मुद्दाम खोलगट केल्या, काही रस्ते असे उताराचे केले की अतिवृष्टीत तेच नाले व्हावेत. एरवी मुलं खेळतात, पाऊस आला की तळं. पाणी कुठे साचू द्यायचं हे आपणच आधी ठरवलं, तर ते कुठे साचणार नाही यावरही थोडा ताबा राहतो.

आणि देखभाल! सप्टेंबर २०२३ मध्ये डॅनियल वादळाच्या पावसाने लिबियातल्या डर्ना शहराच्या वरच्या अंगाची दोन धरणं फुटली आणि हजारो माणसं रात्रीतून वाहून गेली. धरणं १९७० च्या दशकातली, देखभाल वर्षानुवर्षे रखडलेली. ती पूर थोपवण्यासाठी बांधली होती. फुटल्यावर साठलेलं सगळं पाणी एकदम सुटलं. नवी भिंत बांधताना फीत कापायला गर्दी होते. सांडव्यातला गाळ काढताना फोटो काढायला कोणी येत नाही.

भविष्य अनिश्चित आहे, मग आज निर्णय घ्यायचा कसा?

टप्प्याटप्प्याने, आणि पुढचा टप्पा कशावरून सुरू करायचा हे आधी ठरवून. लंडनमधला थेम्स नदीवरचा, समुद्राचं चढतं पाणी रोखणारा अडसर १९८२ पासून वापरात आहे. तो किती काळ पुरेल याचं उत्तर समुद्र किती वेगाने चढतो यावर अवलंबून आहे. म्हणून तिथल्या आराखड्यात तारखांना चिकटून न राहता समुद्रपातळीसारखी मोजमापं नियमित बघतात. पाणी अपेक्षेपेक्षा लवकर चढलं तर पुढचं काम अलीकडे ओढायचं, उशिरा चढलं तर थांबायचं.

लहान कामातही हे जमतं. आज रस्त्याखालची मोरी एका नळीची बांधायची असेल, तर शेजारी दुसरी नळी टाकायला जागा सोडून ठेवा. पाया थोडा जास्त मजबूत घातला, तर वरचा भाग पुढे उंच करता येतो. अशा तरतुदीला आज फार पैसे लागत नाहीत, नंतर मात्र सगळं खणून काढावं लागतं.

उष्णतेने पायाभूत सुविधांचं काय बिघडतं? त्रास तर माणसांना होतो.

दोघांनाही होतो. पोलाद तापलं की वाढतं. एक किलोमीटर मोकळा रूळ ३० अंशांनी तापला, तर साधारण ३५ सेंटिमीटर लांब होईल. जोडलेल्या रुळाला लांब व्हायला जागा नसते, मग तो ताण पोटात ठेवतो आणि एखाद्या दुपारी बाजूला वाकतो. म्हणून कडक उन्हात गाड्यांचा वेग कमी करतात. विजेच्या तारा तापून खाली झोळतात, ट्रान्सफॉर्मरची क्षमता घटते आणि नेमकी तेव्हाच पंख्यांची आणि वातानुकूलनाची मागणी शिखरावर असते.

माणसांच्या बाबतीत उष्णता हे गुपचूप येणारं संकट. पुराची छायाचित्रं छापून येतात, उष्णतेने गेलेला माणूस बंद दाराआड सापडतो. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेने सातशेहून अधिक लोक दगावले. त्यांत एकटे राहणारे वृद्ध फार होते. दार ठोठावणारं कोणी असतं, तर त्यांतले कितीतरी वाचले असते. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादमध्ये नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा आणला, दक्षिण आशियातला पहिला. त्यात बांधकाम फार थोडं. ठरावीक तापमानाचा अंदाज आला की कोणी कोणाला फोन करायचा, रुग्णालयांनी काय तयार ठेवायचं, उन्हात काम करणाऱ्यांना काय सांगायचं, हे ठरवलेलं. लक्षात ठेवा, रात्रीचं तापमान दिवसाइतकंच मोजायला हवं. रात्र थंड झाली नाही, तर शरीराला विसावा मिळत नाही.

समुदायाची तयारी म्हणजे जनजागृतीचे कार्यक्रम का?

कार्यक्रम झाले, चहा झाला, सही झाली, एवढंच असेल तर नाही.

बांगलादेश बघा. १९७० च्या भोला चक्रीवादळात तीन लाखांहून अधिक माणसं गेली, १९९१ मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार. २०२० मध्ये अम्फान आलं तेव्हा वीस लाखांहून जास्त लोक आधी हलवले गेले आणि तिथला मृतांचा आकडा काही डझनांत राहिला. वादळं सगळी सारखी नसतात, त्यामुळे आकड्यांची सरळ तुलना करू नये. पण मधल्या काळात काय झालं हे बघण्यासारखं आहे. निवारे बांधले गेले, आणि सायकलवरून, भोंगे घेऊन दारोदार जाणारे हजारो स्वयंसेवक तयार झाले.

१९९१ मध्ये बायकांचे मृत्यू पुरुषांपेक्षा खूप जास्त झाले. परक्या पुरुषांच्या गर्दीत जायचा संकोच, कडेवर मूल, घर सोडायची परवानगी नाही, अशी त्यामागची कारणं. म्हणून निवाऱ्यात स्त्रियांसाठी वेगळी खोली आणि वेगळं स्वच्छतागृह हवं. गुरं मागे सोडून माणूस निघत नाही, म्हणून जनावरांसाठी मातीचे उंचवटे केले गेले. निवाऱ्याचं काँक्रीट किती मजबूत हा प्रश्न त्यानंतरचा. आधी विचारा, लोक तिथे येतील का, आणि येत नसतील तर कशापायी?

स्थानिक लोकांकडून माहिती कशी मिळवायची?

प्रश्नावली वाटून फारसं हाती लागत नाही. त्यांच्यासोबत चाला. पाणी आधी कुठून शिरतं, कुठल्या घराच्या पायरीशी थांबतं, रात्री कोण एकटं असतं, कोणाला जिना उतरता येत नाही, हे चालताना कळतं. भाडेकरू आणि कामासाठी आलेले लोक बैठकीला येत नाहीत, त्यांना गाठायला वेगळी वेळ काढा.

जुन्या खुणाही बघा. चेक प्रजासत्ताकातल्या देचिन इथे एल्ब नदीच्या पात्रात एक दगड आहे. पाणी फार आटलं की तो वर येतो. त्यावर १६१६ सालाची खूण आणि जर्मन भाषेत कोरलेलं आहे : मला पाहशील तेव्हा रड. दुष्काळाची नोंद ठेवायची याहून टिकाऊ तऱ्हा मला माहीत नाही.

हे सगळं परवडतं का?

जागतिक बँकेच्या २०१९ च्या अहवालानुसार, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत नव्या पायाभूत सुविधा जास्त टिकाऊ करायला एकूण गुंतवणुकीच्या साधारण ३ टक्के जादा खर्च येतो आणि सरासरी एका डॉलरमागे चार डॉलरचा फायदा होतो. ही सरासरी आहे, प्रत्येक पुलाची हमी नव्हे. जुनी रचना फोडून सुधारायला मात्र कितीतरी जास्त लागतं. म्हणून दुरुस्तीचं काम निघालंच आहे, तेव्हाच उंची वाढवून घ्या. वर सांगितलेल्या पंपघरात पॅनल तसंही बदलायचं होतं. नवं पॅनल लोखंडी चौथऱ्यावर दीड मीटर वर बसवलं. जादा खर्च झाला तो चौथऱ्याचा आणि वाढीव केबलचा.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे पूर्वसूचना. ग्लोबल कमिशन ऑन अ‍ॅडाप्टेशन या, हवामान बदलाशी जुळवून घेण्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१९ मध्ये मांडलेल्या हिशोबाप्रमाणे २४ तास आधी मिळालेल्या इशाऱ्याने नुकसान सुमारे ३० टक्क्यांनी कमी होऊ शकतं. अर्थात इशारा शेवटच्या माणसाला त्याच्या भाषेत कळला आणि पुढे काय करायचं हे त्याला माहीत असलं, तरच.

विमा काढला तर?

जरूर काढा. पैसे मिळतात, पण बंद पडलेले डायलिसिसचे दिवस परत मिळत नाहीत. शिवाय जोखीम वाढत गेली की हप्ता वाढतो, आणि एके दिवशी कंपनी नूतनीकरणच नाकारते.

चांगल्या हेतूने केलेला उपाय अंगलट येतो का?

बऱ्याचदा. एका वस्तीने रस्ता उंच केला की पाणी शेजारच्या घरांत शिरतं. किनाऱ्याला एका ठिकाणी दगडी बांध घातला की वाळूची आवक तुटून पुढचा किनारा झिजतो. दुष्काळावर तोडगा म्हणून प्रत्येकाने खोल विंधन विहीर घेतली की पाच वर्षांत सगळ्यांच्याच कोरड्या. आराखडा मंजूर करण्याआधी एकच प्रश्न विचारा : इथून हटवलेलं पाणी, उष्णता किंवा खर्च जातो कुठे? समोरचा गप्प बसला, तर काम थांबवा.

मूल्यांकन किती वर्षांनी पुन्हा करायचं?

साधारण पाच वर्षांनी, आणि प्रत्येक मोठ्या घटनेनंतर लगेच. पाणी ओसरल्यावर पहिल्या दोन दिवसांतच खुणा मोजून घ्या, कारण साफसफाई सुरू झाली की पुरावा धुऊन जातो. त्या पंपघरात मी पुन्हा गेलो, तेव्हा वार्षिक रंगकाम नुकतंच झालं होतं आणि खडूची रेघ पांढऱ्या रंगाखाली गेली होती. ऑपरेटरही बदलून गेलेला. सुदैवाने माझ्या वहीत उंची होती. टेप लावून ती पुन्हा मोजली आणि तिथे लाल ऑइलपेंटने पट्टा मारून घेतला, शेजारी तारीख घालून.